शून्याची दोन कारणं

सलग अकराव्या दिवशी चाळणीतून काहीच खाली पडलं नाही.

सकाळी साडेसातला मी प्रयोगशाळेत चहाचा कप घेऊन बसले, तेव्हा पडद्यावर कालचीच ओळ होती : 'आज तुमच्यासाठी नवीन काही नाही.' तिच्याखाली बारीक अक्षरांत आकडे. काल जगभरात जीवशास्त्राचे नऊ हजार तीनशे लेख प्रसिद्ध झाले. त्यांतले सापांच्या विषाशी संबंधित एकशे बारा. त्यांतले माझ्यासाठी शून्य.

सर्पगृहातला मंगेश चाव्या टांगायला आत आला. माझ्या खांद्यावरून त्याने पडद्याकडे पाहिलं.

"म्हंजे सगळं वाचून झालं की तुमचं, मॅडम! आता पेन्शनीत जायला हरकत नाय."

"अजून तीन वर्षं आहेत."

"मग तीन वर्षं करणार काय? माझ्याकडं या. उंदरांचे पिंजरे धुवायला माणूस लागतंय."

मी हसले, पण कप खाली ठेवून पुन्हा उचलला. चहा संपलेला होता.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. चौथ्या दिवशी मी चाळणीची जोडणी तपासून घेतली. सातव्या दिवसापासून मी दर तासाला पडद्याकडे येत होते. घरातलं घड्याळ बंद पडलं की टिकटिक ऐकू येत नाही म्हणून जाग यावी, तसं काहीतरी होत होतं.

चाळण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. पूर्वी लेख विषयावरून निवडले जात. 'घोणस', 'विष', 'प्रतिपिंड' असे शब्द दिले की त्यावरचं सगळं समोर येई, आणि ते वाचायला दिवस पुरत नसे. २०३४ साली चाळण आली आणि तिने प्रश्नच बदलला. हा लेख तुमच्या विषयाचा आहे का, असं ती विचारत नाही. या लेखाने तुमचं मत बदलेल का, असं विचारते. त्यासाठी ती आधी तुमच्या मनाचं एक प्रतिरूप तयार करते. तुम्ही आजवर काय लिहिलं, काय वाचलं, कुठल्या ओळीवर थांबलात, कशावर काट मारलीत, या सगळ्यावरून. मग दररोजचा प्रत्येक लेख ती त्या प्रतिरूपाला वाचायला देते. वाचण्याआधी प्रतिरूपाला एखाद्या गोष्टीची किती खात्री होती आणि वाचल्यावर किती उरली, यांतला फरक मोजते. फरक मोठा असेल तर लेख तुमच्यापर्यंत येतो. नसेल तर तुमचा वेळ वाचतो.

कल्पना सुंदर आहे. गणितही चोख आहे. पाच वर्षांत चाळणीशिवाय काम करणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही, एका माणसाचा अपवाद सोडून.

साडेनऊला संचालकांचा फोन आला. डॉ. पावसकर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि त्यांचा उत्साह नेहमी त्यांच्या आवाजाच्या दोन पावलं पुढे असतो.

"मॅडम, पाचही आरोग्य केंद्रांत फ्रीज बसले. नर्सचं प्रशिक्षण झालं. सोमवारी अकराला तुमची सही झाली की आपण पेरणीच्या आत सुरू!"

सुरू व्हायचं होतं ते माझं इंजेक्शन. घोणस चावल्यावर आपण अजूनही घोड्याच्या रक्तापासून केलेली लस देतो. ती काम करते, पण खूप द्यावी लागते आणि अनेकांना तिची रिअ‍ॅक्शन येते. मी आणि माझ्या गटाने सात वर्षं खपून प्रयोगशाळेत दोन प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार केले होते. घोणशीच्या विषातल्या दोन मुख्य घटकांना ते धरून ठेवतात. दोन मिलिलिटर पुरेसं. पाच केंद्रांत या पावसाळ्यात आधी हे इंजेक्शन द्यायचं, आणि दोन तासांत उतार पडला नाही तरच जुनी लस, असा आराखडा होता. सहीच्या कागदावर एक वाक्य होतं : 'उपलब्ध सर्व संशोधन विचारात घेतले आहे.' त्यापुढची खूण चाळणीने आधीच करून ठेवली होती.

"विरोधात काही आलेलं नाही ना?" पावसकरांनी विचारलं.

"अकरा दिवस काहीच आलेलं नाही."

"बघा! म्हणजे आपण बरोबर आहोत."

दुपारी फाटकावरच्या रखवालदाराने एक पाकीट आणून दिलं. देवरुखच्या एसटीच्या कंडक्टरने ते दिलं होतं. त्यावरचं अक्षर पाहून मी उभीच राहिले.

सप्रे सर माझे गुरू. वय शहाऐंशी, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, भिंग घेऊन दिवसाला एक लेख वाचतात. चाळण वापरत नाहीत ते हेच. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांत भरलेली हजारो कार्डं आहेत. प्रत्येक लेखाचं एक कार्ड, प्रत्येक कार्डावर तीन ओळी. पहिली : काय म्हणतात. दुसरी : काय केलं. तिसरी : काय दिसलं तर मी माझं मत बदलेन. "तिसरी ओळ रिकामी असेल तर कार्ड खोक्यात जाणार नाही," असं ते आम्हाला सांगत. दर गुरुवारी तीन वाजता त्यांची वाचनसभा असे. एकाने लेख मांडायचा, बाकीच्यांनी तो फाडायचा, आणि मांडणाऱ्याने खायला आणायचं. त्यांच्यानंतर ती सभा मी चालवली. चाळण आली आणि सभा बंद पडली. कुणी बंद केली नाही. प्रत्येकाला वेगळे लेख येऊ लागले, आणि सगळ्यांनी वाचलेला असा एकही लेख उरला नाही.

पाकिटात एक कार्ड होतं.

'चि. विभावरीस अनेक आशीर्वाद. नाझनीनने तिचा फेब्रुवारीतला लेख मला छापून पाठवला. तिसऱ्या आकृतीखालचं अक्षर माझ्या भिंगाला लागत नाही. तुझ्याकडे मोठी प्रत असणारच, ती पाठव. माझ्या कार्डावरची तिसरी ओळ मी भरली. तुझ्या कार्डावर काय आहे, ते कळव. दि. ग. सप्रे.'

तुझ्याकडे असणारच. विद्यार्थिनीचा लेख गुरूकडे नसेल, हे सरांच्या मनातही आलं नव्हतं.

नाझनीन मुकादम माझी विद्यार्थिनी. होती. इथल्याच राजिवड्याची मुलगी. वाचनसभेला आईने केलेली तांदळाची बोरं, तळलेले गोड गोळे, डबा भरून आणायची आणि सगळ्यांत अवघड प्रश्न विचारायची. सहा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी, बाहेरचे चार पाहुणे बसलेले असताना तिने मला विचारलं होतं, "मॅडम, आपल्या सर्पगृहातल्या घोणशी सगळ्या मोठ्या आहेत. पिल्लांचं विष तसंच असतं, हे आपण धरून चाललोय का?" मी म्हटलं होतं, "पिल्लं चावतात किती आणि त्यांच्यात विष असतं किती? पोरखेळाला इथे वेळ नाही." शब्द मला नेमके आठवतात, कारण कुणीतरी हसलं होतं. महिन्याभरात ती धारवाडला गेली.

तिचे पहिले दोन लेख चाळणीने मला पाठवले होते. मी ते वाचले, म्हणजे चुका शोधत वाचले. पहिल्यात पिल्लं चार होती, दुसऱ्यात नऊ. 'नमुने अपुरे' असा शेरा लिहून मी 'फरक पडला नाही' हे बटण दाबलं होतं. दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी शेवटचं पान न वाचताच.

त्यानंतर तिचं काही आलं नव्हतं. मला वाटलं, तिने तो विषय सोडला.

चाळणीत 'गाळलेले' असं एक पान आहे. तिथे कुणी जात नाही. मी गेले आणि नाझनीनचं नाव घातलं.

सात लेख. पहिले दोन वगळले तर पाच मी कधी पाहिलेच नव्हते. प्रत्येकापुढे पिल्लांची संख्या होती : सतरा, तीस, एक्केचाळीस, बावन्न, चौसष्ट. आणि प्रत्येकापुढे चाळणीची नोंद होती :

'वाचकाची संभाव्य प्रतिक्रिया : नमुने अपुरे. पिल्लांच्या दंशाचे प्रमाण कमी. व्यवहारात महत्त्व नाही. मतातला फरक : शून्य.'

सतरालाही तेच, चौसष्टलाही तेच.

माझे दोन प्रतिपिंड ज्या विषावर तपासले होते, ते एकोणीस सापांचं होतं. सगळे मोठे. त्यावर कुणी मला 'नमुने अपुरे' म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मी खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. माझ्या मनाचं प्रतिरूप पाच वर्षं त्या यंत्रात बसून माझ्या वतीने वाचत होतं, आणि ते हुबेहूब माझ्यासारखं होतं. त्यात बिघाड नव्हता. फक्त एक गोष्ट मोजणीत सुटली होती. मतात फरक शून्य पडण्याची कारणं दोन असू शकतात. एक, माणसाला ते आधीच माहीत आहे. दोन, माणूस ऐकणारच नाही. चाळणीला दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. अकरा दिवस मी पडद्यावर जे शून्य पाहत होते, ते पहिलं असावं असं धरून चालले होते.

मी चौसष्ट पिल्लांचा लेख छापून घेतला आणि कार्ड समोर ठेवून, पेन्सिलीने, ओळ न ओळ वाचला. पाच तास लागले. मला पाच तासांची सवय उरली नव्हती. मध्येच हात आपोआप पडद्याकडे जाई, सारांशासाठी.

तिचं म्हणणं साधं होतं. पहिल्या चार महिन्यांत घोणशीच्या पिल्लाच्या विषात एक वेगळाच घटक जास्त असतो, रक्त झपाट्याने गोठवणारा. पुढे तो कमी होतो आणि त्याची जागा दुसरे घेतात. मी ज्या दोन घटकांना धरून ठेवत होते, ते हे 'दुसरे'. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि आपल्याकडे ती मे ते जुलैमध्ये देते. म्हणजे पेरणीला माणसं वाफ्यात उतरतात तेव्हा.

माझा आराखडा आठवला. आधी इंजेक्शन, मग दोन तास वाट. घोणशीच्या बाबतीत दोन तासांत मूत्रपिंडं निकामी व्हायला सुरुवात होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"मॅडम?" नाझनीनचा आवाज लगेच सावध झाला. "तुम्ही स्वतः?"

"फेब्रुवारीचा लेख वाचला तुझा. काल."

"काल? मी तर तुम्हाला फेब्रुवारीतच पाठवला होता. उत्तरही दिलंत तुम्ही."

"काय दिलं?"

"पाठ आहे मला. 'लेखाबद्दल आभार. नमुने अपुरे वाटतात. शुभेच्छा.' पाचही लेखांना तेच. अम्मी म्हणाली, अगं एकदा जाऊन भेट. मी म्हटलं, चौसष्ट पिल्लं पिशवीत घालून नेऊ का दाखवायला?"

नेहमीच्या पत्रांना प्रतिरूपाने परस्पर उत्तरं द्यावीत, अशी मुभा मी कधीतरी देऊन ठेवली होती. परिषदांची आमंत्रणं, वर्गणीची स्मरणपत्रं, तसल्यांसाठी.

"नाझनीन, ते मी लिहिलं नव्हतं. चाळणीने लिहिलं."

"शब्द तर तुमचेच होते, मॅडम."

"हो," मी म्हटलं. "शब्द माझेच होते."

बाजूला कुठेतरी तिच्या प्रयोगशाळेत यंत्राची घरघर चालू होती. मला येतं तेच मी केलं.

"तिसऱ्या आकृतीतला आडवा अक्ष चुकलाय. मिलिग्रॅम लिहिलंयस. मायक्रोग्रॅम हवं."

कागद उलटल्याचा आवाज आला. "या अल्ला! छापण्याआधी तिघांनी तपासला हा लेख."

"तिघांच्या चाळणींनी तपासला असेल."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "त्याने निष्कर्ष पडतो?"

"नाही. उभा राहतो. म्हणून तर फोन केला."

"सोमवारी तुमची सही आहे ना? सगळ्यांना माहितीय. करू नका, असं मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून काही करूच नका. तुमच्याकडे पिल्लं आहेत?"

"मंगेशच्या एका मादीला परवा एकतीस झाली."

"मग मला काय विचारता? वेळ मोजायचं घड्याळ हातात घ्या."

शनिवारी सकाळी आम्ही ते घेतलं. वीतभर लांबीचं, करंगळीएवढ्या जाडीचं पिल्लू मंगेशने चिमट्याने उचललं आणि अंगठा-तर्जनीत धरलं. त्याच्या दातावर काचेची बारीक नळी बसवली. नळीत विषाचा जेमतेम एक पिवळट ठिपका उतरला. अशी तीन पिल्लं.

प्रयोग बारावीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. घोणशीचं विष माणसाच्या रक्तद्रवात टाकलं की तो काही सेकंदांत गोठतो. आधी इंजेक्शन मिसळून विष निकामी केलं, तर तो कितीतरी वेळ पातळ राहतो. परीक्षानळी तिरकी करायची. द्रव वाहिला तर ठीक. नुसतं मोठ्या सापाचं विष : सात सेकंद. मोठ्या सापाचं विष आणि माझं इंजेक्शन : चार मिनिटं होऊन गेली तरी द्रव वाहत होता. सात वर्षांचं काम त्या नळीत होतं आणि ते खरं होतं.

मग पिल्लाचं विष आणि माझं इंजेक्शन. मी घड्याळ चालू केलं. मंगेशने नळी तिरकी केली, सरळ केली, तिरकी केली.

"गोठलं, मॅडम."

नऊ सेकंद. दुसऱ्या पिल्लाचे दहा. तिसऱ्याचे पुन्हा नऊ.

मंगेशने नळी उजेडाकडे धरली. "गेल्या पावसात आमच्या वाडीत गंगारामच्या पोरीला चावलं, ते एवढंसंच होतं. मी तुम्हाला सांगितलंवतं. लसीच्या चोवीस बाटल्या लागल्या तिला."

"सांगितलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, एका गोष्टीवरून काय ठरत नाय."

"एका गोष्टीवरून ठरत नाहीच," मी म्हटलं. "पण तिथून सुरू करता येतं."

मग मी सर्व नळ्या स्वतः धुतल्या. खरं तर त्या फेकून द्यायच्या असतात.

सोमवारी अकरा वाजता पावसकरांच्या टेबलावर कागद होता आणि त्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं. मी बसल्याबरोबर सांगितलं. त्यांनी पेन उचलून बाजूला ठेवलं.

"तीन पिल्लांवरून?"

"तीन माझी. चौसष्ट तिची."

"पण चाळणीने म्हटलंय की ते महत्त्वाचं नाही!"

"चाळणीने नाही म्हटलं, मी म्हटलं. ती फक्त माझं ऐकते."

"मॅडम, फ्रीज बसलेत. नर्स शिकल्यात. निदान मोठ्या सापांपुरतं तरी..."

"चावलेल्या माणसाने सापाचं वय बघून ठेवलेलं नसतं. तिसरा प्रतिपिंड शोधावा लागेल. दोन वर्षं, कदाचित तीन. तोवर जुनी लस. फ्रीजमध्ये तीच ठेवा, तिलाही गारवा लागतो."

तीन वर्षांत मी निवृत्त होणार होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही ते काढलं नाही.

"वर कळवताना कारण काय लिहू?" त्यांनी थकून विचारलं.

"प्रमुख वैज्ञानिकाला वाचायला उशीर झाला, असं लिहा."

खोलीत परत आल्यावर मी आधी चाळणीने परस्पर उत्तरं देण्याची मुभा काढून घेतली. मग दोन कार्डं घेतली. एकावर नाझनीनच्या लेखाच्या तीन ओळी लिहिल्या, सरांसाठी, तिसऱ्या आकृतीच्या मोठ्या प्रतीसोबत पाठवायला. अक्ष शाईने दुरुस्त केला. दुसरं कार्ड माझ्या स्वतःच्या लेखाचं होतं. सात वर्षांत ते मी केलंच नव्हतं. काय म्हणतात : दोन प्रतिपिंड पुरेसे आहेत. काय केलं : एकोणीस मोठ्या सापांच्या विषावर तपासले. तिसऱ्या ओळीवर मी लिहिलं : 'नऊ सेकंद.' खाली शनिवारचे तिन्ही आकडे आणि तारीख.

त्या कार्डाचा फोटो काढून नाझनीनला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचेना, आणि सुचवायला आता कुणी नव्हतं.

उत्तर लगेच आलं नाही. मी टेबल आवरलं. कप विसळला. खिडकी उघडली, लावली. पडद्यावर नवा दिवस, नवा आकडा, तीच ओळ. त्या ओळीखालचं 'गाळलेले' मी उघडलं आणि डोळे मिटून बोट ठेवलं. जो येईल तो लेख आज वाचायचा. ब्राझीलमधल्या विंचवांवरचा निघाला.

त्याच्या दुसऱ्या पानावर असताना फोन वाजला. नाझनीनचा निरोप होता.

'मॅडम, तिन्ही पिल्लं एकाच मादीची. नमुने अपुरे.'

खाली, थोड्या वेळाने, आणखी एक ओळ आली : 'गुरुवारी तीन वाजता येते. बोरं मी आणते, पिल्लं तुम्ही काढून ठेवा.'

मी दार उघडून सर्पगृहाकडे तोंड केलं आणि मंगेशला हाक मारली.